धानाची धसकटं

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे चादर झटकणं. थंडीचं ऊन गच्चीवर आलं होतं. दोन टोकं प्रमिलाच्या हातात, दोन माझ्या. तिनं असा हिसका दिला की माझ्या हातातली टोकं सुटली आणि चादर जाऊन पडली वाळत घातलेल्या कोहळ्याच्या बड्यांवर, म्हणजे सांडग्यांवर. ओलं उडदाचं पीठ चादरीला लागलं. "हातात जीव नाही का तुमच्या?" ती म्हणाली. "आयुष्यभर ट्रकच्या कमानी उचलल्या म्हणता, अन् चादर नाही धरता येत." मी म्हटलं, चादर येते धरता, तुले येत नाही. तिनं ओठ दाबून घेतले. मग खाली बसून एकेक बडी पुन्हा थापत राहिली, आणि मी चादरीवरचं पीठ नखानं खरवडत बसलो. नंतर ती खाली जाऊन जरा पडली. चहाच्या वेळेला मी हाक मारली. पुन्हा मारली. तिनं ओ दिली नाही.

ते दिवस असेच होते. वर्ष फिरून आता पुन्हा आले आहेत. दिवाळी सरली की आमच्या रायपुरात हवेला पैऱ्याचा वास येतो. पैरा म्हणजे धानाचा पेंढा. शहर किती का वाढेना, हा वास अडवता येत नाही. अभनपुरकडून धानाच्या गाड्या येतात, रस्त्यावर दाणे सांडतात, चिमण्या आणि सायकलवाले दोघंही एकमेकांना चुकवत जातात. नवा तांदूळ शिजताना चिकट होतो आणि त्याचा वास शेजारच्या घरापर्यंत जातो. पूर्वी या वासाबरोबर प्रमिलाची पावलं बदलायची. ती घरातल्या घरात चवड्यांवर चालायला लागायची. कापणी झाली की शेतं मोकळी, माणसं मोकळी, आणि गावोगाव कबड्डीचे सामने. चाळिशी उलटलेली बाई, स्वयंपाकघरात कणीक मळताना एकदम डावीकडे झुकायची आणि पाय मागे ओढून घ्यायची, जसं काही ओट्याखालून कोणी घोटा धरायला आलं होतं.

तिची नोकरी कबड्डीवरची. परतवाड्याकडची पोरगी, खेळाडूंच्या जागेवर एका सरकारी खात्यात लागली, रायपुरात आली, खात्याकडून देशभर खेळली. मी चौथी पास. बापानं वऱ्हाडातून इकडे आणलं, शाळेत मन लागलं नाही, ट्रकच्या कमानी, म्हणजे खालचे लोखंडी पाटे, बसवण्याच्या गॅरेजात हातोडा धरला तो म्हातारपणीच ठेवला. अशा माणसाला अशी बायको कशी मिळाली, हे लोक मला तोंडावर विचारत. कारण सरळ होतं. तिच्या रागाची कीर्ती तिच्या खेळाच्या पुढे पळत असे. स्थळं यायची, चौकशी करायची आणि परत जायची. लग्नात तिच्या आईनं मला बाजूला घेतलं आणि हळूच सांगितलं, जावईबापू, पोरगी सोन्यासारखी आहे, फक्त रागात असली की अंगणात थांबा. मी हसलो. मला वाटलं, बायका असं म्हणतातच.

पण तिचा राग म्हणजे बायकांची कुरबूर नव्हती. तो पायातून वर यायचा. आधी पावलं घट्ट व्हायची, मग मान, मग डोळे. तो आलेला तिला कळायचा, आणि तिला त्याची लाज वाटायची, हे मी पहिल्या वर्षीच पाहिलं. तिच्या गावच्या गुरुजींनी लहानपणीच तिला एक उपाय सांगितला होता. राग आला की चढाईला जातेस तसा दम भर, मनात कबड्डी कबड्डी म्हण, आणि दम तुटेपर्यंत तोंड उघडू नको, हात उचलू नको. तोवर राग दुसऱ्या अंगणात गेला तर ठीक. आयुष्यभर तिनं हे केलं. दूध उतू गेलं, नळ गेला, साहेब तिरकं बोलला, की तिचे ओठ हलायला लागायचे. आमचा नितीन लहान होता तेव्हा बाहेरून आलेल्या पोरांना दारातच थांबवायचा. "रुको, मम्मी की रेड चालू है." पोट्टे खुसखुसत उभे राहायचे. आत भांड्यांचा आवाज बंद, फक्त एक बारीक गुणगुण. मग एक लांब श्वास, आणि हाक यायची, की या रे, पोहे खाऊन जा.

तिचा दम मोठा होता. बहुतेक वेळा राग आधी संपायचा. पण बहुतेक वेळा म्हणजे नेहमी नाही.

सदर बाजारात एकदा एका स्कूटरवाल्यानं गर्दीतून जाताना एका म्हातारीला धक्का दिला आणि वरून तिलाच शिव्या दिल्या. प्रमिलाचे ओठ हलायला लागले हे मी पाहिलं. त्या माणसानं मागे वळून आणखी एक शिवी दिली. दम तिथंच तुटला. तिनं पिशवी माझ्या हातात दिली, वाकली आणि चालू सामन्यात धरावा तसा त्याचा घोटा धरला. तो, स्कूटर आणि एका कापडवाल्यानं बाहेर मांडलेले साड्यांचे गठ्ठे, सगळं एकत्र खाली आलं. बाजार हसला. म्हातारी तर टाळ्या वाजवत होती. मी काय केलं? हात जोडले. स्कूटरवाल्याची माफी मागितली, त्याला उठवलं, त्याची पँट झटकली. घरवाली जरा गरम डोक्याची आहे भैया, मनावर घेऊ नका. घरी येताना ती म्हणाली, "माफी मागायची होती तर मी मागितली असती. तुम्ही काहून मागता?" मी म्हटलं, तुझ्यासाठीच तर मागतो.

हा माझा धंदाच झाला. जमादार झाडू घेऊन फिरतो तसा मी तिच्या मागे माफी घेऊन फिरायचो. तिच्या साहेबाकडे, शेजाऱ्यांकडे, सामन्यातल्या पंचांकडे. मला त्यात गोडी लागली होती, हेही सांगतो. लोक म्हणायचे, बाई वाघीण आहे पण नवरा गाय आहे. गाय म्हटलेलं मला आवडायचं. कमी शिकलेल्या, कमी कमावणाऱ्या माणसाला तिच्यापेक्षा वरचढ व्हायला एवढी एकच जागा होती.

वय वाढलं तसा तिचा दम कमी झाला. हे कोणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही उशिरा आलं. राग तेवढाच राहिला आणि श्वास आखूड झाला. पूर्वी मनात दोन चढाया पूर्ण व्हायच्या, आता एकीच्या मध्येच छाती भरून यायची. ती सकाळी मैदानात जाऊन पळायची. मी म्हणायचो, आता या वयात कोणत्या टीममध्ये जायचं आहे तुले. ती टीमसाठी पळतच नव्हती.

मग राज्य वेगळं झालं. रायपूर राजधानी झालं. जिकडे तिकडे पाट्या रंगवणं सुरू होतं, गल्लीतला चहावालासुद्धा राजधानीसारखा बोलायला लागला होता. आणि त्या थंडीत, धान निघाल्यावर, आमच्या राज्याची मुलींची पहिली टीम निवडायची ठरली. आजवर इकडच्या पोरी भोपाळला जायच्या आणि राखीव म्हणून बसून परत यायच्या. आता आपली टीम. शिकवायला प्रमिलाला बोलावलं. बोलावणं आलं त्या दिवशी तिनं घरात कोणाला सांगितलं नाही, फक्त संध्याकाळी फरे केले, तांदळाच्या पिठाचे, वाफेचे, आणि मला इतके वाढले की मला शंका आली.

खेड्यातल्या पोरी यायच्या. हातावर विळ्याचे व्रण, केसात पैऱ्याच्या काड्या, कापणी अर्धी टाकून आलेल्या. कुंती नावाची एक होती अभनपुरकडची, काळी, सडपातळ, तिरकी नजर. तिचा राग प्रमिलासारखाच. प्रमिला तिला सगळ्यांत जास्त रागवायची आणि सगळ्यांत आधी जेवायला वाढायची. मी एकदा ऐकलं, ती कुंतीला सांगत होती, की गुस्सा वाईट नाही, पण आधी दम पूर्ण कर, मग ठरव. पोरीनं विचारलं, दीदी, तुम्हाला जमतं का? प्रमिला म्हणाली, नाही, म्हणून तर लवकर शिकवते आहे.

निवडीचा सामना अभनपुरच्या बाजूला होता. नाव सांगत नाही गावाचं, आणि निवडीचं सगळं पाहणारे जे सेक्रेटरी होते त्यांचंही. चांगल्या घरचा, अंगानं किरकोळ माणूस. मैदानात पाहुण्यांचा मांडव घातला होता, म्हणून पोरींना शेजारच्या ताज्या कापलेल्या शेतात आखून दिलं. धान कापलं की मागे धसकटं राहतात, बोटभर उंच, टोकदार, वाळली की खिळ्यासारखी. प्रमिलानं आदल्या संध्याकाळी पोरींना घेऊन एका बाजूची उपटली होती. दुसरी बाजू राहिली होती. तिनं सेक्रेटरींना म्हटलं, थोडा वेळ द्या, एवढं साफ करून घेतो. पाहुण्यांना दुसरीकडे जायचं होतं. ते म्हणाले, "अरे बहनजी, खेत की ही तो लड़कियाँ हैं. इनको क्या चुभेगा?"

मी पाण्याची घागर घेऊन बांधावर उभा होतो. तिचे ओठ हलायला लागलेले मला दिसले.

शिट्टी वाजली. कुंती चढाईला गेली, कोपऱ्यातल्या पोरीनं पाय धरला, कुंती पडली आणि उठली तेव्हा पायाच्या तळव्यात धसकट खोल रुतलेलं. रक्त मातीत फार दिसत नाही, पण पोरीचा चेहरा दिसत होता. सेक्रेटरी म्हणाले, दुसरी पाठवा, चालू द्या. प्रमिला शांतपणे त्यांच्यापर्यंत चालत गेली. कंबरेला हात घातला, उचललं, त्यांच्या चपला खाली गळल्या, आणि त्यांना अनवाणी नेऊन न उपटलेल्या बाजूला मधोमध उभं केलं.

"अब चलके दिखाइए, साहब."

ते एका पायावर उभे राहिले. मग दुसऱ्या. बांधावरची सगळी माणसं, बायका, पोरं, पैऱ्याच्या गंजीवर चढलेले सगळे हसले. पाहुणेही हसले. मांडवात सेक्रेटरींची बायको बसली होती. ती हसली नाही.

परत येताना बसमध्ये प्रमिला खिडकीशी बसली. मी मनातल्या मनात माफीची जुळवाजुळव करत होतो. अर्ध्या वाटेवर ती म्हणाली, "त्याले उचललं ते चुकलं माझं. माणसाले असं सामानासारखं उचलू नये. त्याची बायको पाहून राहिली होती." मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "पण सामना थांबवला ते नाही चुकलं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, नाही का?" मी हव म्हटलं. मला तेव्हा कळलं नाही की या बाईनं आयुष्यभर ज्याच्याशी झोंबी घेतली ते आज तिच्या हाती आलं आहे. राग आणि रागाचं कारण तिनं पहिल्यांदा वेगवेगळं करून पाहिलं होतं, तांदळातून खडा काढावा तसं. पुढचे दिवस ती तेच घोकत होती. भाजी चिरताना, नळावर, हिंदीत. तुम्हाला हात लावला त्याची माफी मागते. सामना थांबवला त्याची मागणार नाही. दोन वाक्यं. ती स्वतः त्यांच्याकडे जाऊन म्हणणार होती. तिला घाई नव्हती. मला होती.

मला भीती होती की दुसरं वाक्य ऐकून ते तिच्या नोकरीवर उठतील. म्हणून एका सकाळी, तिला न सांगता, मी मिठाईचा डबा घेऊन सेक्रेटरींच्या घरी गेलो. ते बाहेर आले, तोंड आंबट. मी पाय धरले. नेहमीचं बोललो, गरम डोक्याची आहे म्हणालो. त्यांचा चेहरा हलला नाही. तेव्हा माझ्या तोंडून निघालं की ती आजारी आहे साहेब, डोक्याचा आजार आहे, औषध चालू आहे, कोणाला सांगत नाही आम्ही.

असलं काही नव्हतं. गोळी सोडा, ती डोकेदुखीला बामसुद्धा लावत नसे.

साहेब एकदम मऊ झाले. अरे, आधी सांगायचं होतं, म्हणाले. मला चहा पाजला. मी सायकलवर शीळ घालत घरी आलो, ही शीळ मला अजून ऐकू येते.

ती सेक्रेटरींकडे गेली तेव्हा पहिलं वाक्य म्हणायचीसुद्धा वेळ आली नाही. सगळे तिच्याशी हळू आवाजात बोलले. खुर्ची दिली, पाणी दिलं. बहनजी, तुम्ही आराम करा, इलाज करा, टीमचं आम्ही बघतो. तिनं धसकटांचा विषय काढला, तर त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि माना हलवल्या, हो हो, बरोबर आहे तुमचं. तिनं आवाज चढवला असता तर आजार, रडली असती तर आजार, गप्प राहिली तर औषधाचा गुण. टीम दुसऱ्याकडे गेली. कुंतीचा पाय बरा व्हायच्या आत टीम बाहेरगावी खेळूनही आली.

घरी येऊन तिनं चपला काढल्या आणि दारातच उभी राहिली. विचारलं, "तुम्ही गेल्ते का त्यायच्या घरी?"

"हव."

"माह्या डोक्याचं तुम्ही सांगितलं?"

मी मान हलवली. तिनं दम भरला. ओठ हलायला लागले. मी भिंतीला टेकून वाट पाहत होतो. मार, म्हटलं मनात, उचल, फेक अंगणात. तिचा दम तुटला. तिनं पुन्हा भरला. तो तुटला, पुन्हा भरला. मग ती आत गेली आणि मला जेवायला वाढलं.

त्यानंतर तिनं हा विषय कधी काढला नाही. बाहेर कोणावर रागावली नाही. घरात चादरीवरून, मिठावरून बोलायची तेवढंच. लोक म्हणायचे, किती शांत झाली हो प्रमिलाताई. कितीतरी वर्षं मला ते कौतुक वाटलं. नितीनच्या लग्नात मी एका पाहुण्याला छाती फुगवून सांगितलं, की सांभाळली मी, बायकोला सांभाळणं सोपं नसतं. ती मागे ताटं घेऊन उभी होती. तिनं ऐकलं.

म्हातारपणी एकदा पेन्शनच्या कामासाठी आम्ही नव्या रायपुरात गेलो होतो. रस्ते इतके रुंद की पलीकडचा माणूस दुसऱ्या गावचा वाटतो. बस लवकर येत नाही. आम्ही थांबलो होतो तिथं रस्त्याच्या मधल्या पट्टीत हिरवळ लावली होती, नुकतीच कापलेली. ती चपला काढून त्यावर उभी राहिली. मी म्हटलं, काय करून राहिली? ती म्हणाली, "पाहून राहिली. छान कापलं आहे. पायाले काही टोचत नाही." आवाजात राग नव्हता. मी बस कुठं आहे ते बघायला तोंड फिरवलं.

तेव्हा कुठं मला कळायला लागलं मी काय केलं ते. तिचा राग दुष्ट नव्हता, आणि ती त्याला रोज, प्रत्येक दिवशी, एका श्वासात बांधून ठेवायला झटत होती. असा झटणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मी कधी रागावलो नाही, कारण मी कधी कोणासाठी उभाच राहिलो नाही. मी शांत आहे असं मला वाटायचं. मी भित्रा होतो. हे तिला सांगावं असं पुष्कळदा मनात आलं. थंडी आली, पैऱ्याचा वास आला की यायचं. उद्या सांगू म्हणायचो.

चादर झटकली त्या दिवशी चहा गार झाला, डॉक्टर येऊन गेला, नितीन आला, सून आली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला घाटावर नेलं. तिच्या जुन्या पोरी आल्या होत्या, कोणी पोलिसात, कोणी शाळेत शिकवायला. बायांनी घाटावर येऊ नये असं कोणी कुजबुजलं, कुंतीनं नुसतं बघितलं, तो गप्प झाला. अग्नी दिल्यावर आमच्याकडे तिथंच शोकसभा होते. जो तो दोन शब्द बोलतो. सेक्रेटरीही आले होते, आता काठी टेकत. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. ते म्हणाले, बहनजींचा आजार आम्हाला माहीत होता, त्या आजाराशी झुंजत त्यांनी खेळाची सेवा केली, त्यांच्या आत्म्याला शांती लाभो.

घरच्या माणसानं शोकसभेत बोलायचं नसतं. मी उठलो.

"साहब, उसको कोई बीमारी नहीं थी. मैंने आपसे झूठ बोला था."

कोणालाच समजेना. मी पुन्हा सांगितलं, मिठाईचा डबा, पाय धरले ते, सगळं, मराठी-हिंदी मिसळून, मोठ्या आवाजात. नितीननं माझा दंड धरला आणि सेक्रेटरींना हात जोडले. "माफ कीजिए अंकल, पापा की हालत ठीक नहीं है. सदमा लगा है." सगळ्यांनी हळहळून माना हलवल्या. कोणीतरी मला पाणी दिलं, खुर्ची दिली.

मी खुर्चीत बसलो नाही, खाली राखेच्या मातीत बसलो. कुंती येऊन माझ्यासमोर बसली. तिनं माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. तिला माझं पटलेलं होतं.

"काकाजी," तिनं विचारलं, "दीदी को पता था?"

नाही म्हणता आलं असतं. खरं-खोटं विचारायला आता ती उरली नव्हती. मी हव म्हटलं.

कुंतीचे ओठ हलायला लागले. मी खाली मान घालून बसलो आणि तिचा दम तुटायची वाट पाहिली.